मदत हवी आहे: गेमसाठी टॅक्सीचं मॉडेल, बॉनेटवर लाटा दिसतात

मीटरडाऊन
तातडीने मदत हवी. गाडी पूर्ण झालीय, पण गेममध्ये घेतली की बॉनेटवर लाटा दिसतात, जणू कुणी हातोडीने ठोकलंय. चार रात्री गेल्या. नॉर्मल्स (पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे त्या दिशा) उलटे नाहीत, तपासलंय. रविवारी घरी दाखवायचीय. काय चुकतंय?

त्रिकोण
कुठली गाडी? कशात बनवली? गेम इंजिन कुठलं? वायरफ्रेमचं, म्हणजे नुसत्या जाळीचं चित्र टाका, त्याशिवाय कुणालाच काही सांगता येणार नाही.

पिक्सेलराव
तयार मॉडेल विकत मिळतं. ग्रान टुरिस्मो हा रेसिंग गेम बनवणारे काझुनोरी यामाउची सांगतात, एका माणसाला एका गाडीला कित्येक महिने लागतात. तुम्ही रविवार म्हणताय!

मीटरडाऊन
विकतची नको. पद्मिनी आहे, काळीपिवळी. बाबांनी बावीस वर्षं चालवली. तिचे तीनच फोटो उरलेत, त्यावरूनच बनवलीय. मॉडेल ब्लेंडरमध्ये, गेम युनिटीत. चित्र टाकलंय.

त्रिकोण
बघितलं. बॉनेटवर बिंदूंची नुसती गर्दी आहे आणि एकेक बिंदू हाताने ओढलेला दिसतोय. आधी पाच-सहा रांगांत वळण बसवा, ते डोळ्याला पटलं की मग सबडिव्हिजन, म्हणजे जाळी आणखी बारीक करणं. पट्ट्यापट्ट्यांचं मॅटकॅप (पत्र्यावरच्या चकाकीचा तयार देखावा) लावून मॉडेल फिरवा. पट्टी जिथे मोडते तिथला बिंदू चुकलाय.

गॅरेजनाना
गेमच्या गाडीला सबडिव्हिजन कशाला? कडांना बारीक बेव्हल द्या, म्हणजे धार थोडी मोडा, वर वेटेड नॉर्मल मॉडिफायर, तो मोठ्या सपाट भागांप्रमाणे नॉर्मल्स बसवतो. जाळीतले त्रिकोण कमी लागतात आणि पत्रा सपाट दिसतो. मी सगळ्या गाड्या अशाच करतो.

त्रिकोण
नाना, तुम्ही ट्रक करता. ट्रकला चालतं. पद्मिनीचं मडगार्ड दिव्यापासून दारापर्यंत गोलाईत येतं, तिथे बेव्हल काय करणार?

गॅरेजनाना
दार आणि छताला तरी चालेल ना? गोल भागाला तुमचं, सपाट भागाला माझं.

रॅमवाला
ग्राफिक्स कार्ड कुठलं? १६ जीबी रॅम नसेल तर आधी ती वाढवा.

त्रिकोण
रॅमचा इथे काही संबंध नाही. मीटरडाऊन, लाटा ब्लेंडरमध्येही दिसतात की फक्त युनिटीत?

मीटरडाऊन
ब्लेंडरमध्ये बॉनेटवर थोड्या. युनिटीत दारांवरही. आणि नाना, वेटेड नॉर्मल लावलेलंच आहे.

त्रिकोण
हे आधी सांगायचं! युनिटीत मॉडेलच्या इंपोर्ट सेटिंगमध्ये नॉर्मल्ससमोर ‘कॅल्क्युलेट’ आहे का? असेल तर ब्लेंडरमधले नॉर्मल्स टाकून देऊन ते नव्याने काढले जातात. ‘इंपोर्ट’ करा.

दादरचा
पद्मिनी वाचून थांबलो. २९ ऑक्टोबर २००३ ला मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली, वीस वर्षांची मर्यादा संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. जुना मीटर बाहेर, डाव्या बाजूला असायचा. तुमच्या चित्रात तो आत दिसतोय.

त्रिकोण
आणखी एक. तोंड जरा फुगलेलं वाटतंय. फोटो मोबाइलने जवळून काढलाय ना? जवळून काढला की पुढचा भाग मोठा येतो. बाजूच्या फोटोवर भरवसा ठेवा. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर २३४० मिमी, ते धरून बाकी सगळं बेतात आणा.

मीटरडाऊन
‘कॅल्क्युलेट’च होतं, एका व्हिडिओत बघून केलं होतं. बदललं, दारं एकदम सरळ झाली! बॉनेटवर मात्र डाव्या दिव्यामागे दोन लाटा अजून आहेत.

गॅरेजनाना
तिथे पाच कडा एका बिंदूत येतायत. तो बिंदू वळणावरून काढून सपाट जागी न्या.

मीटरडाऊन
अख्खं बॉनेट पुसलं. सहा रांगांत पुन्हा बसवतोय, पट्ट्या लावून. रविवारी नाही झालं तर पुढच्या रविवारी. दादरचा, मीटरचा जवळून काढलेला फोटो असेल तर टाकाल का? बाबा तो झेंडा ज्या बाजूने खाली पाडायचे तीच बाजू हवीय.