हिमोग्लोबिन ९.४ आहे, रोज गूळ-शेंगदाणे खाऊन भरून निघेल का?

शाहूपुरी_वाचक

नमस्कार मंडळी. बहिणीचं वय ३४, वजन ५५ किलो. गेल्या आठवड्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४, आरबीसी (लाल पेशींची संख्या) ४.२, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ७१, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) १८. फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) केलेलं नाही. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली आहे (पाकिटावर ‘एलिमेंटल आयर्न १०० मिग्रॅ’ असं आहे) आणि सोबत कॅल्शियम. गोळीनं मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून आठ दिवसांत बंद केली.

घरचे म्हणतात, आपण कोल्हापुरात, गुळाच्या गावात राहतो, रोज गूळ-शेंगदाणे आणि बिटाचा रस दे, दोन महिन्यांत रक्त भरेल. रविवारी मटण खाते, एरवी शाकाहार. दिवसाला चार कप चहा, त्यातला एक जेवण झाल्या झाल्या.

गूळ किती द्यावा? गोळी सोसत नसेल तर काय करायचं? आणि रोजच्या जेवणात नेमका कोणता बदल करायचा?

पंचगंगा_काठ

ताई, आधी हिशोब बघा, मग गुळाचं ठरवा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे अन्नघटक तक्ते आहेत. त्यांत उसाच्या गुळात १०० ग्रॅमला साधारण ४.६ मिग्रॅ लोह दिलंय. म्हणजे २० ग्रॅमच्या खड्यात ०.९ मिग्रॅ. मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांत १ मिग्रॅ. दोन्ही मिळून २ मिग्रॅसुद्धा पुरतं होत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०२०च्या शिफारशीनुसार या वयाच्या बाईला रोज २९ मिग्रॅ लोह पोटात जायला हवं. इतका मोठा आकडा ठेवलाय, कारण आपल्या जेवणातलं जेमतेम ८ टक्के लोह अंगी लागतं असं धरलेलं आहे.

आता तूट किती ते पाहा. सलाईनमधून लोह देताना डॉक्टर एक सूत्र वापरतात: वजन × हिमोग्लोबिनची तूट × २.४, वर साठ्यासाठी ५००. उद्दिष्ट १३ धरलं तर ५५ × ३.६ × २.४ म्हणजे ४७५, अधिक ५००. एकूण ९७५ मिग्रॅ. गूळ-शेंगदाण्यातून रोज अंगी लागणार ०.१६ मिग्रॅ. भागाकार केला तर सोळा-सतरा वर्षं येतात, आणि यात दर महिन्याला पाळीतून जाणारं लोह धरलेलंच नाही. फक्त गुळावर २९ मिग्रॅ गाठायचं म्हटलं तर रोज ६०० ग्रॅमहून जास्त गूळ लागेल. ते कुणालाच झेपणार नाही.

बिटात १०० ग्रॅमला १ मिग्रॅसुद्धा लोह नाही. डाळिंबात त्याहून कमी. त्यांचा लाल रंग वनस्पतीच्या रंगद्रव्याचा आहे, रक्ताशी त्याचा संबंध नाही. बिटाच्या रसासाठी गॅस, मिक्सर आणि वेळ घालवण्याऐवजी तेवढ्यात एक पेरू चिरून द्या. त्याचा उपयोग खाली कुणीतरी सांगेलच.

गूळ बंद करा असं मी म्हणत नाही. साखरेऐवजी खायला तो बराच. कोल्हापुरी गुळाला २०१४ला भौगोलिक मानांकन मिळालं ते चव आणि पोत पाहून. गुऱ्हाळावर भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकून मळी काढलेला गूळ गडद दिसतो, हायड्रोस (रंग उजळवणारं रसायन) मारलेला पिवळाधमक दिसतो. घ्यायचाच तर गडद घ्या. पण गडद असला तरी त्यातलं लोह औषधाच्या तोडीचं होत नाही. १०-१५ ग्रॅमवर थांबा, आणि बहिणीची साखर तपासलेली नसेल तर तीही तपासून घ्या.

औषधांची_पेठ

गोळीबद्दल लिहितो, कारण ९.४ला ती सोडून चालणार नाही. गरोदर नसलेल्या बाईत १२च्या खाली ॲनिमिया धरतात, आणि ८ ते १०.९ हा ‘मध्यम’ गट. जेवणानं हा खड्डा भरत नाही. भरलेला खड्डा पुन्हा पडू न देणं हे जेवणाचं काम.

काळं शौच: न शोषलेलं लोह बाहेर पडतं, त्याचा तो रंग आहे. त्यासाठी गोळी बंद करायचं कारण नव्हतं. फक्त डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं काळं शौच आणि सोबत पोटात दुखणं किंवा चक्कर असेल तर ते पोटातल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

मळमळ: ही पोटात एका वेळी किती लोह पडतं त्यावर असते. पाकिटावर मोठ्या अक्षरात क्षाराचं वजन असतं, आपल्याला बघायचा तो ‘एलिमेंटल’, म्हणजे निव्वळ लोहाचा आकडा. २०० मिग्रॅ फेरस सल्फेटच्या गोळीत एलिमेंटल लोह ६०-६५ मिग्रॅच असतं. तुमची गोळी १०० एलिमेंटलची, म्हणजे बरीच वरची. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ६०ची देता येईल का, किंवा एक दिवसाआड चालेल का? विचारण्यामागं शास्त्र आहे. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतड्याचं दार जवळपास दिवसभर निम्मंशिम्मं बंद होतं. दुसऱ्या दिवशीची गोळी त्यामुळे कमी शोषली जाते आणि उरलेलं लोह पोटाला त्रास देतं. एक दिवसाआड घेतलं तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह अंगी लागतं. सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्यांनी दुप्पट फायदा होत नाही, मळमळ मात्र वाढते.

वेळ: जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास, साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर. तरीही मळमळलं तर थोड्या खाण्यावर घ्या, केळं किंवा पेरू चालेल. शोषण थोडं घटतं, पण गोळी पोटात जाते हे महत्त्वाचं.

चुका जिथं होतात ते सांगतो. पहिली, दुधाबरोबर गोळी. आपल्याकडं म्हशीच्या दुधाचा पेला म्हणजे ताकद असा समज पक्का आहे. पण दुधातलं कॅल्शियम लोहाला आडवं येतं, आणि दुधात स्वतःचं लोह नसल्यासारखंच. दुसरी, कॅल्शियमची गोळी त्याच घोटाबरोबर. दोन्हींत किमान दोन तास ठेवा, सोपं म्हणजे कॅल्शियम रात्रीच्या जेवणावर ढकला. तिसरी, पित्ताची गोळी. पँटोप्रॅझोलसारखं औषध महिनोन्‌महिने चालू असेल तर पोटातलं आम्ल घटतं आणि लोह विरघळतच नाही. चौथी सगळ्यात मोठी: हिमोग्लोबिन १२ झालं की गोळी बंद. साठा तेव्हा रिकामाच असतो. १२ झाल्यावर आणखी तीन महिने चालू ठेवायची असते.

गोळी लागू पडतेय का ते महिन्याभरात कळतं. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमनं वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळी बदलत बसू नका, कारण शोधा. सलाईनमधून लोह हा पुढचा पर्याय असतो, तो दवाखान्यात, देखरेखीखालीच.

आणि घरात लहान मूल असेल तर गोळ्या कुलपात. ६० मिग्रॅच्या दहा गोळ्या दहा किलोच्या बाळाच्या जिवावर बेतू शकतात. लाल गोड आवरणामुळे मुलं त्या चॉकलेट समजून खातात.

तांबडा_पांढरा

वरच्यांनी औषधाचं सांगितलंय, मी चुलीपुढचं सांगतो.

सगळ्यात आधी तो जेवणानंतरचा चहा. चहातलं टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवतंय आणि शोषण निम्म्याच्या आसपास खाली येतंय. चहा सोडायला नको, फक्त जेवणाआधी आणि नंतर एक-दीड तास मोकळा ठेवायचा. एवढ्या एका बदलाला पैसे पडत नाहीत आणि फरक गुळापेक्षा जास्त पडतोय.

दुसरं लिंबू. क जीवनसत्त्व पानात असलं की भाजी-डाळीतलं लोह कितीतरी पटीनं जास्त अंगी लागतंय. पण उकळत्या आमटीत पिळलं तर ते जळून जातंय, ताटात वाढल्यावर पिळायचं. अर्ध्या लिंबाचं काम बेताचंच, जेवणासोबत अर्धा पेरू असेल तर भरपूर. कच्चा कोबी, ढोबळी मिरची, कोथिंबीर हेही चालतंय. आवळ्याच्या मोरंब्यावर फार विसंबू नका, शिजवण्यात त्यातलं बरंच जातंय.

तिसरं मोड. मटकीत कोरड्या १०० ग्रॅमला ७-८ मिग्रॅ लोह असतंय, हुलग्यात त्याहून थोडं जास्त. पण कडधान्यातलं फायटेट ते अडवून धरतंय. ८-१० तास भिजवून, फडक्यात बांधून दिवसभर मोड आणले की फायटेट कमी होतंय. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं. म्हणून मोडाची मटकी, वर कच्चा कांदा आणि लिंबू, ही आपली मिसळ या बाबतीत चांगली आहे. कट बेतानं घ्या आणि मागोमाग चहा मागवू नका. तीच गोष्ट नाचणीची. भाकरीपेक्षा रात्रभर आंबवलेली आंबील बरी. मात्र नाचणीत कॅल्शियमही भरपूर असतंय, म्हणून फक्त लोहासाठी नाचणी खात असाल तर अपेक्षा कमी ठेवा.

भाज्यांत मेथी आणि माठ पालकापेक्षा वर आहेत. पालकात १०० ग्रॅमला ३च्या आसपास, मेथीत साडेपाच. हळीव १०० ग्रॅमला १७, पण चमचाभरच खाल्लं जातंय, म्हणजे दीड-पावणेदोन मिग्रॅ. तेवढ्यासाठीही चांगलं.

कढई लोखंडाची काढा. चिंच, टोमॅटो, आमसूल घातलेली आमटी किंवा भाजी तिच्यात १५-२० मिनिटं शिजली की लोह उतरतंय. आंबट नसेल तर फार नाही. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं, नाहीतर काळं पडून चव जातीय. स्टील, नॉनस्टिकमध्ये यातलं काही होत नाही.

आता रविवारचं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात लोह नावापुरतंच, ते तुकड्यात आहे. चार वाट्या रस्सा आणि दोन फोडी असं जेवण झालं तर मटण खाल्लं असं धरू नका. कलेजी आणि रक्ती यांत लोह जास्त, आणि मांसातलं लोह १५ ते ३५ टक्के शोषलं जातंय, चहा-फायटेटचा त्याला फारसा अडथळा नाही. वर मांसाचा तुकडा ताटात असला की शेजारच्या भाजीतलंही लोह जास्त ओढलं जातंय. एक किलो एकदाच आणण्यापेक्षा पाव-पाव किलो दोनदा आणा. आठवड्यातून एकदा ७०-८० ग्रॅम कलेजी पुरे. गरोदरपणात कलेजी नको, त्यात अ जीवनसत्त्व फार असतंय.

राजारामपुरी_४१६००८

रिपोर्टवर दोन शब्द. एमसीव्ही ७१ म्हणजे पेशी लहान, आरडीडब्ल्यू १८ म्हणजे आकारात फार फरक. हे चित्र लोहाच्या कमतरतेशी जुळतं. लहान पेशी थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या सौम्य आनुवंशिक दोषातही दिसतात. एक ढोबळ चाळणी आहे: एमसीव्हीला आरबीसीनं भागा. ७१ ÷ ४.२ = १७. तेराच्या वर असेल तर कल लोहाच्या बाजूला, खाली असेल तर थॅलेसेमियाचा संशय. चाळणीच आहे ती, निदान नव्हे. फेरिटिन करून घ्या. ते १५च्या खाली आलं तर साठा संपलाय हे नक्की. अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं चढतं, तेव्हा बरं वाटल्यावर करा. सोबत बी-१२ही करा. आठवड्याला एकदाच मांसाहार असलेल्यांत तेही कमी निघतं.

पण खरा प्रश्न कुणी विचारला नाही: रक्त जातंय कुठं? ३४ वर्षांच्या बाईत पहिलं उत्तर पाळी. ८० मिलीपेक्षा जास्त रक्त गेलं तर ती जास्त पाळी, आणि ८० मिली रक्तासोबत ३० मिग्रॅच्या आसपास लोह जातं. घरी मोजता येत नाही, म्हणून खुणा बघा: दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, सात दिवसांपेक्षा जास्त अंगावरून जाणं, मोठ्या गाठी पडणं, रात्री उठून पॅड बदलणं. यातलं एकही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून सोनोग्राफी करा. गळती चालू ठेवून टाकी भरत नाही. मूळव्याधीचं रक्त बायका लाजेनं सांगत नाहीत, तेही विचारा. शेतात अनवाणी जाणं होत असेल तर हुकवर्म (आतड्यातला रक्त शोषणारा जंत) आहे का बघायला हवं, त्याला अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ डॉक्टर देतात.

दम लागणं, छातीत धडधडणं, बसल्या जागी चक्कर असं काही असेल तर इथल्या उत्तरांची वाट न बघता आजच सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा दवाखाना गाठा.

शाहूपुरी_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. विचारल्यावर कळलं, पाळी आठ-नऊ दिवस चालते, आणि ती हे ‘नेहमीचंच’ समजत होती. सोमवारी दाखवतोय. एक राहिलं होतं: ती सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळीही घेते. मग लोहाची कधी बसवायची?

औषधांची_पेठ

हे आधी कळलं ते बरं झालं. लोह थायरॉक्सिनला (थायरॉइडच्या गोळीतलं औषध) चिकटतं आणि ते नीट शोषलं जात नाही, मग टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वाढलेला दिसतो. दोन्हींत चार तास हवेत. असं बसवा: सकाळी ६ला थायरॉइडची गोळी, पाण्याबरोबर. ७ला चहा. साडेआठला नाश्ता, त्यासोबत चहा नाही. ११ला लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, डॉक्टर हो म्हणाले तर एक दिवसाआड. १ला जेवण, ताटात लिंबू किंवा पेरू. दुपारचा चहा ३ला, शेवटचा कप ५ला. रात्रीच्या जेवणावर कॅल्शियम. सोमवारी स्त्रीरोगतज्ज्ञांना थायरॉइडची गोळी चालू आहे हे आवर्जून सांगा आणि शेवटचा टीएसएचचा रिपोर्ट सोबत न्या. थायरॉइड कमी पडलं तरी पाळी अशी लांबते.