अनुभव धागा: कारखान्याचा मालक बदलला की पुढं काय होतं?

भारत, चीन, थायलंडच्या कंपन्यांनी युरोप-कोरियातले जुने कारखाने घेतले. आपल्या कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग (ओतीव भाग) अशाच ठिकाणी जातं, म्हणून हा विषय आपल्या दारातलाच आहे. जाणकारांनी लिहावं. आपबीती नको, काय घडलं, कशामुळं घडलं आणि माल पुरवणाऱ्यानं काय सांभाळावं, एवढंच.

हिशेबनीस, राजारामपुरी

किती रकमेला घेतली हे नंतर बघा. घेण्यासाठी काढलेलं कर्ज कुणाच्या कमाईतून फिटणार, ते आधी. टाटा स्टीलनं 2007 मध्ये ब्रिटन-हॉलंडची पोलाद कंपनी कोरस 6.2 अब्ज पौंडांना घेतली. पहिला देकार शेअरमागं 455 पेन्सचा होता. ब्राझीलच्या सीएसएन या पोलाद कंपनीशी चढाओढ होऊन तो 608 वर गेला. कर्जाचा मोठा भार कोरसच्याच कमाईवर टाकलेला, आणि पुढच्याच वर्षी मंदी आली. कोरसचा इंग्लंडमधला टीसाइडचा कारखाना 2011 मध्ये थायलंडच्या एसएसआय या पोलाद कंपनीकडं गेला. त्यांनी 2012 मध्ये भट्टी पेटवली, स्लॅबचे (पोलादाच्या जाड लाद्यांचे) भाव पडले आणि 2015 मध्ये ती कायमची विझली. इंग्लंडमधल्याच स्कन्थॉर्पचा धंदा 2016 मध्ये एका पौंडाला दिला. वेल्समधल्या पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी 30 सप्टेंबर 2024 ला बंद झाली; तिच्या जागी विजेची आर्क भट्टी येणार आहे.

टाटांनी हात आखडला म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. त्याच समूहानं 2008 मध्ये 2.3 अब्ज डॉलरना जग्वार लँड रोव्हर घेतली. तिथंही पहिली दोन वर्षं ओढाताणीची होती, पण नवी मॉडेलं तयार होत होती. 2011 ला इव्होक ही नवी गाडी आली, चीनमध्ये मागणी वाढली, 2014 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला स्वतःचा इंजिन कारखाना सुरू झाला. पोलादाच्या धंद्यात असं नवं मॉडेल काढून सुटता येत नाही.

वाहन सुटे भाग, गोकुळ शिरगाव

स्वीडनची व्होल्वो आणि कोरियाची सँगयाँग या मोटार कंपन्या शेजारी ठेवून बघा. फोर्डनं 1999 मध्ये 6.45 अब्ज डॉलरना घेतलेली व्होल्वो कार चीनच्या गीलीला 2010 मध्ये 1.8 अब्जांत मिळाली. मुख्यालय आणि डिझाइन गोथेनबर्गलाच राहिलं, गाडीचा सामायिक सांगाडाही तिथंच बसून केला. सँगयाँगला 2004 मध्ये चीनच्या सॅक (एसएआयसी) या मोटार कंपनीनं घेतलं. 2009 मध्ये ती दिवाळखोरीपासून वाचायला कोर्टात. मग महिंद्रानं 2011 मध्ये 70 टक्के घेतली. तिची टिवोली ही गाडी चांगली चालली, पण एक गाडी चालून कंपनी चालत नाही. मोजकी मॉडेलं, बहुतेक डिझेल, निर्यात थोडी. एप्रिल 2020 मध्ये महिंद्रानं नवं भांडवल द्यायचं नाकारलं, डिसेंबरात कंपनी पुन्हा कोर्टात गेली.

पवनचक्कीचे कास्टिंग, कागल

पवनचक्क्या करणाऱ्या सुझलॉनचंही लक्षात ठेवा. 2007 मध्ये त्यांनी जर्मनीची पवनचक्की कंपनी रीपॉवर हाताखाली आणली, पण थोडे शेअर बाहेर होते. जर्मन कायद्यात ताब्याचा वेगळा करार झाल्याशिवाय उपकंपनीचं तंत्र किंवा पैसा हवा तसा उचलता येत नाही. पूर्ण मालकी 2011 मध्ये आली, तोवर सुझलॉनवर कर्ज चढलेलं. 2015 मध्ये एक अब्ज युरोंना विकून टाकली.

फाउंड्री, शिरोली

आता आपल्या बाजूचं. गिऱ्हाईक विकलं गेल्याचं कळलं की पहिला प्रश्न: शेअर विकले की फक्त मालमत्ता? शेअर विकले असतील तर कंपनी तीच राहते, जुनी पीओ (खरेदी ऑर्डर) आणि जुनी येणी चालू. मालमत्ता विकली असेल तर जुनं येणं जुन्या कंपनीकडंच अडकतं. नव्या नावाची पीओ हातात येईपर्यंत माल सोडू नका.

दुसरं, पॅटर्न आणि कोअर बॉक्स (वाळूचा साचा आणि आतला गाभा घडवायचे नमुने). प्रत्येकावर पत्र्याची पट्टी ठोकून मालकाचं नाव, पार्ट नंबर, तारीख पंच करा, फोटो काढा, यादीवर जुन्या गिऱ्हाइकाची सही घ्या. नवा मालक काम दुसरीकडं नेतो तेव्हा वाद इथंच पेटतो. पॅटर्नचा खर्च नगामागं वसूल करत असाल, तर ऑर्डर घटल्यावर उरलेली रक्कम कोण देणार हे लेखी घ्या.

तिसरं ड्रॉइंग, आणि नुकसान सगळ्यात जास्त इथंच होतं. जुन्यावर ग्रे बीडाचा भारतीय ग्रेड एफजी 260, नव्यावर युरोपचा ईएन-जीजेएल-250 किंवा चीनचा एचटी250 लिहून येतं. सगळं एकच समजून आहे तोच चार्ज (भट्टीतल्या मालाचं मिश्रण) ओतला जातो. ताकदीचा आकडा जवळपास सारखा दिसला तरी टेस्ट बार (ताकद तपासायचा नमुना) कुठला, ते विचारा. वेगळा ओतलेला 30 मिलिमीटरचा बार आणि कास्टिंगच्या जाड भागातून कापलेला तुकडा यांत फरक पडतो. जाड भाग हळू थंड होतो, ग्राफाइट मोठं होतं, ताकद कमी भरते. आपल्याकडं बार पास, तिकडं तुकडा नापास, आणि कंटेनर परत. कडकपणा कुठल्या बिंदूवर मोजायचा तेही ड्रॉइंगवर खूण करून घ्या. मगच पीपीएपीचं (नियमित उत्पादनाआधीच्या मंजुरीचं) सॅम्पल पाठवा.

जोड, हिशेबनीसांकडून

नवे मालक पैसे द्यायची मुदत 90 दिवसांवर नेऊ बघतात. खरेदीदार भारतात असेल आणि तुमची नोंद सूक्ष्म किंवा लघु उद्योगाची असेल, तर करार काहीही म्हणो, 45 दिवसांच्या वर जाता येत नाही. लेखी करार नसेल तर 15. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. त्या नोंदीचा उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा.