मदत हवी आहे: करडू हगवणीनं सुकलंय, कातडीखाली सलाईन द्यावं का?

मंडळी, आटपाडीजवळच्या वाडीवर आहे. उस्मानाबादी पाट (शेळीचं मादी करडू), तीन महिन्यांची, ताणकाट्यावर 9 किलो. परवापासून पातळ हगते, रक्त नाही. पीपीआर, आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांच्या लसी झाल्यात, जंताचं औषधही गेल्या महिन्यात पाजलंय. ताप नाही, उलट 100.8 फॅरनहाइट, म्हणजे शेळीच्या मानानं अंग गारच आहे, म्हणून पोत्यावर घेऊन गोधडी टाकलीय.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की तंबूसारखी उभी राहते, चार सेकंदांनी बसते. डोळे खोल गेलेत, हिरड्या चिकट. सकाळपासून एकदाच मुतली.

माणसांच्या ओआरएसचं पाकीट लिटरभर कोमट पाण्यात कालवून, बिनसुईच्या सिरिंजनं दोन तासांनी 100 मिली पाजतोय. आतापर्यंत 500 गेलं. वजनाच्या 8 टक्के पाणी कमी धरलं तर तूटच 720 मिली, शिवाय रोजची गरज आणि हगवणीतून जातं ते वेगळंच. आता गिळायलाही कंटाळतेय, म्हणून जबरदस्ती करत नाही. फुफ्फुसात गेलं तर संपलंच. शेजारचे मामा ताक पाज म्हणतात, ते मी टाळलंय.

डॉक्टर उद्या सकाळी येणार, आज फोन लागत नाही. विट्याला न्यायला गाडी नाही. घरात रिंगर लॅक्टेट (आरएल) सलाईनची 500 मिलीची सीलबंद बाटली, नवीन सुया आहेत. डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन)ही आहे, पण ते कातडीखाली देणार नाही. शिर मला सापडणार नाही.

अंग असं गार असताना कातडीखाली दिलेलं आरएल जिरतं का? जिरत असेल तर एका जागी किती मिली, आणि किती तासांनी पुन्हा द्यायचं?