मदत हवी आहे: सूपचा चोथा कंपोस्टमध्ये घातला की वास येतो

नागपुरात फ्लॅट, पश्चिमेची बाल्कनी, भोकं पाडलेली २० लिटरची बादली. हिवाळा लागल्यापासून मटारची टरफलं, गाजराची सालं, सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या टाकून देण्याआधी कुकरमध्ये उकळते आणि त्या पाण्यात सूप करते. (फुलकोबीचे दांडे घालू नका, कडू होतं.) सूप झकास, पाकिटं आणणं बंद. घोळ उरलेल्या चोथ्याचा आहे. कच्ची सालं वर्षभर छान कुजत होती. हा उकडलेला गाळ जायला लागला तशी बादलीत चिकचिक, आंबट वास, पांढऱ्या अळ्या.

चोथा रात्रभर चाळणीत निथळवला, पेपरचे तुकडे घातले, एक दिवसाआड ढवळलं. वास जरा कमी झाला, ओल तशीच. मीठ-तेल त्यात नसतं, मीठ मी गाळल्यावर घालते. ओल शोषायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) नको, ते प्लास्टिकच्या पिशवीतच येतं. वाळका पाला आमच्या गल्लीत झाडूवाल्या बाईंच्या आधी हाती लागत नाही.

जवळच्या सुताराकडे भुसा फुकट आहे, पण त्यात प्लायवूडचाही मिसळलेला असतो. तो कुंड्यांच्या खतात चालेल, की आरा मशीनवरचा साध्या लाकडाचाच आणावा? आणि वाटीभर चोथ्याला किती वाट्या भुसा घालता?