कंपवात आणि हाताला लागलेली कला: तुमचे अनुभव लिहा

११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन, म्हणजे कंपवाताचा दिवस, होऊन गेला. गोळ्या, व्यायाम, आहार यांवर भरपूर बोलून झालं. माझ्या नवऱ्याला हा आजार होऊन नऊ वर्षं झाली. गेल्या दिवाळीत त्यांनी आकाशकंदिलाच्या करंज्या कापल्या, वेड्यावाकड्या, पण कंदील आमच्याच गॅलरीत लागला. त्यावरून हा धागा सुचला. ‘खूप छान वाटलं’ एवढ्यावर थांबू नका. काय हातात घेतलंत, काय फसलं, कुठली युक्ती कामी आली, तेही येऊ द्या.

सातारा, वय ६६

माझी सुरुवात सहीपासून झाली. बँकेतून चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. घरी येऊन वहीत लिहून पाहिलं तर ओळीच्या सुरुवातीला अक्षर बरं, शेवटाला मुंगीएवढं. रांगोळीतही तेच. मोकळ्या हाताने कमळ काढायला बसले की प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीपेक्षा आखडलेली. वैतागून डबा माळ्यावर टाकला.

तो खाली काढला नातवाने. मांडीवर हात ठेवून बसले की माझा अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांवर घासत राहतात, जपमाळ ओढल्यासारखी. ते बघून तो म्हणाला, “आजी, तू हवेत रांगोळी काढतेस.” खरंच की! चिमटीतून रांगोळी सोडताना बोटं नेमकी अशीच हलतात. आणि गंमत म्हणजे चिमूट भरून हात पुढे नेला की थरथर बरीच ओसरते. डॉक्टर म्हणाले, या आजारातला कंप बहुतेकदा हात स्वस्थ असतानाच जास्त असतो.

आता फक्त ठिपक्यांची काढते. ११ ते ६. पुढचा ठिपका डोळ्यांना दिसतो, मग बोटांना तिथवर जावंच लागतं, रेघ आखडत नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. आपोआप होणाऱ्या हालचाली अडतात, पण डोळ्यांपुढे खूण असली की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेतो म्हणे. दारात पाय चिकटतात त्यालाही हाच उपाय, म्हणून आमच्या उंबऱ्याअलीकडे ऑइलपेंटचे तीन पांढरे पट्टे ओढलेत. खाली बसून उठवत नाही, तेव्हा जेवणाच्या टेबलावर काळा फळा ठेवून काढते. सूनबाईंना जेवायला वाढताना त्रास होतो, पण बोलत नाहीत बिचाऱ्या.

ठाणे, वय ७१

मला नाही जमलं. सगळे म्हणतात चित्रं काढा. ३४ वर्षं लेथवर काढली, शतांश मिलिमीटरची चूक चालायची नाही. मला वाकडी रेघ बघवत नाही. मुलाने वारलीचं पुस्तक आणलं, त्यात रेघा जाडजूड असतात म्हणून. दोन दिवसांत परत दिलं.

सध्या जुने पाट घासतो. पॉलिशपेपर आधी १२०, मग २२०, शेवटी ४००. याला कला म्हणायचं का माहीत नाही. लाकडाला हाताच्या कंपाशी काही देणंघेणं नसतं.

नाशिक (वडिलांबद्दल)

हे लिहू की नको असं झालं होतं. बाबांनी आयुष्यात कुंचला धरला नव्हता. प्रामिपेक्झोल ही कंपवाताची गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी जलरंग आणले, आणि मग थांबेनातच. आम्ही खूश! नातेवाइकांना फोटो पाठवायचो. मग रात्री तीनला दिवा दिसू लागला. जेवायला उठेनात. कागद संपले तर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर, एकदा फ्रिजच्या दारावर. ऑनलाइन रंगांचं सात हजारांचं बिल आलं तेव्हा आईने न्यूरॉलॉजिस्टच्या कानावर घातलं.

या गटातल्या गोळ्यांनी काहींना असं होतं: कुणाला खरेदीचा नाद, कुणाला जुगाराचा, कुणी एकच काम करत बसतं. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवला. (स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, ते धोक्याचं आहे.) आता आठवड्याला एखादं चित्र होतं. बाबा म्हणतात आधीची जास्त चांगली होती. खरं सांगायचं तर होतीच.

कोल्हापूर, वय ७८ (सासूबाई सांगतायत, मी टाइप करतेय)

“मी फुलवाती करते. त्यात कसली आलीय कला, पण विचारलंय तर सांगते. सकाळची गोळी घेतली की पाऊण तासाने हात सुटतो. तो दोनेक तास माझा. कापूस पिंजायचा, बोटाला दुधाचा थेंब लावायचा, शेंडा वळायचा. साठ-सत्तर होतात. हात आखडायला लागला की आधी वातीच्या शेंड्याला कळतं, मला मागाहून.”

माझी भर: दूध बोटाला चालतं, गोळीबरोबर नको. प्रथिनांमुळे लेव्होडोपा, म्हणजे गोळीतलं औषध, नीट अंगी लागत नाही. आम्ही वर्षभर गोळी दुधाबरोबर देत होतो आणि म्हणत होतो, गुण का येत नाही!

मडगाव, वय ४७

शाळेत शिकवते. निदान होऊन १४ महिने झाले, घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. साताऱ्याच्या काकूंनी लिहिलंय तसंच माझं, हात रिकामा असला की हलतो. म्हणून स्टाफरूममध्ये क्रोशाची सुई घेऊन बसते. आधी फक्त हात लपवायला. खांब घालताना मोजत राहावं लागतं, तेवढा वेळ दुसरं काही डोक्यात येत नाही. टाके कधी घट्ट, कधी सैल, त्यामुळे कडा लाटांसारखी होते. पहिल्यांदा उसवलं, आता तशीच ठेवते. ती मला आवडायला लागलीय.

परवा एकीने विचारलंच, गोव्यात मफलर कोण घालतं गं? म्हटलं, भाऊ डेहराडूनला आहे.

मला भाऊ नाही. मफलर साडेपाच फूट झालाय.