मदत हवी आहे : समलिंगी प्रेमावरचे आत्मकथन आणि कादंबरी वाचताना

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली, पण ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ साली प्रसिद्ध झाली. दोन पुरुषांच्या प्रेमाचा शेवट सुखाचाच व्हावा, हा त्यांचा आग्रह मला त्या काळाच्या मानाने फार धाडसाचा वाटतो. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या मराठी कादंबरीमध्ये एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करतात आणि दोघांची निवेदने वेगवेगळी येतात, त्यामुळे तिथे लैंगिक ओळखीच्या प्रश्नापेक्षा विरहच मनात अधिक रेंगाळतो. (निदान माझ्या तरी.)

आता मला आत्मकथनांकडे वळायचे आहे, परंतु त्यांपैकी बरीचशी आपण समलिंगी आहोत हे घरच्यांना सांगण्याच्या प्रसंगाभोवतीच फिरतील आणि प्रत्यक्ष सहजीवन, त्यातले रुसवेफुगवे, एकत्र वय वाढणे हे सारे दोन पानांत उरकले जाईल, अशी मला धास्ती वाटते. असे सहजीवन सविस्तर मांडणारी पुस्तके आपण वाचली असल्यास कृपया सुचवावीत. शिवाय, लेखकाने स्वतः जगलेले आहे हे ठाऊक असल्यामुळे आपले वाचन बदलते का, की उत्तम कादंबरी तितकीच खरी वाटते?