डिप्रेशन-अँझायटीच्या गोळ्यांनी खरंच फरक पडतो का?

मृण्मयी_नाशिक:
माझ्या धाकट्या भावाला (वय २२, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष) सायकिअ‍ॅट्रिस्टनी एस्सिटालोप्राम सुरू केलीये आणि झोपेसाठी थोडे दिवस क्लोनाझेपाम. आत्ताच सुरू केल्यात, मळमळतंय आणि तो म्हणतो फरक तर नाहीच उलट जास्त धडधडतंय. आई म्हणते बंद कर, सवय लागेल. नेटवर एक जण लिहितो सगळा मनाचा खेळ, दुसरा लिहितो माझा जीव वाचला. ज्यांना माहितीये त्यांनी प्लीज खरं सांगा.

शिरीष_फार्मसी:
ताई, खरं या दोघांच्या मधे आहे. २०१८ मधे लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधे ५२२ ट्रायल्स एकत्र करून मोठा अभ्यास आला, लाखाच्या वर पेशंट, २१ औषधं. सगळीच प्लासिबोपेक्षा (म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा) सरस निघाली पण सरासरी फरक बेताचाच. आणि अमेरिकेतल्या स्टार-डी अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोकच पूर्ण बरे झाले, बाकीच्यांना औषध बदलावं नाहीतर जोडीला दुसरं द्यावं लागलं. त्यामुळे पहिली गोळी लागू पडली नाही तर लगेच हात टेकू नका. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालं म्हणून डिप्रेशन येतं हे सोपं उत्तर आता टिकत नाही, पण म्हणून औषध खोटं ठरत नाही.
सुरवातीला मळमळ, अस्वस्थपणा बऱ्याच जणांना होतो आणि बहुतेक वेळा ओसरतो. खरा परिणाम कळायला ४ ते ६ आठवडे द्यावे लागतात.

केतकी७:
अँझायटीचं वेगळं सांगते. ब्रिटनमधे २०१९ ला सर्ट्रालिनची एक ट्रायल झाली, एस्सिटालोप्रामच्याच गटातलं औषध. ६ आठवड्यांनी उदासीत फारसा फरक नव्हता पण घाबरेपणा, काळजी कमी झाली होती आणि लोक स्वतःच सांगत होते की बरं वाटतंय. म्हणून भावाला नुसतं "मूड कसा आहे" विचारू नका, झोप, धडधड, कॉलेजला जावंसं वाटतं का, हे पण विचारा.

पेडणेकर_म्हापसा:
गोळीच्या जोडीला बोलणं पायजेच हे माझं ठाम मत. आमच्या गोव्यातच सरकारी आरोग्य केंद्रांत ट्रायल झाली, २०१७ ला छापून आली, डिप्रेशन जास्त असलेले पेशंट. डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग घेतलेल्या समुपदेशकांनी ६ ते ८ भेटींत हळूहळू रोजची कामं परत सुरू करून दिली. ३ महिन्यांनी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर, आणि ज्यांना हे मिळालं नाही त्यांच्यात ३९ टक्के. जास्त त्रासात गोळी लागतेच, पण नुसत्या गोळीवर सोडून देऊ नका हो.

शिरीष_फार्मसी:
एक राहिलं आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. २५ च्या आतल्या मुलांमधे सुरवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात तशी वॉर्निंगच असते. त्यामुळे वाढलेली धडधड डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. तो जिवाचं काही बरंवाईट बोलला तर एकटं सोडू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालू, मराठीतून बोलता येतं. आईंना सांगा, सवय लागण्याची भीती क्लोनाझेपामची आहे, ती म्हणूनच थोडे दिवस दिलीये. एस्सिटालोप्रामची चटक लागत नाही, पण एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड होते, बंद करायची तेव्हा डॉक्टरांना विचारून हळूहळू.

मृण्मयी_नाशिक:
डॉक्टरांशी बोलले, त्यांनी उद्याच बोलावलंय. आईलाही घेऊन जातेय, त्यांनीच तिला समजवावं. नाशिकमधे मराठीत बोलणारं चांगलं काउन्सेलर कोणाच्या माहितीत आहे का?